धोंडाईच्या डोहातली पाठराखीण

शिंपल्याला एकच पाय असतो आणि तो जिभेसारखा दिसतो, हे उर्मिला कनिचेला शाळेचं तोंड बघायच्या आधीपासून ठाऊक होतं. भोयाची पोर ती. वाळकी नदीच्या गाळात गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि पायाच्या बोटांनी तळ चाचपत पुढं सरकायचं, ही तिची बालवाडी. पुढं ती शिकली, डॉक्टरेट मिळवली, गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचं कुठं काही अडलं की थेट दिल्लीहून तिला फोन येऊ लागले, पण शोधायची रीत काही बदलली नाही. बरोबरची मंडळी रबरी बूट चढवून, लांब दांड्याची जाळी घेऊन नदीत उतरायची. ही आपली सलवार गुडघ्यापर्यंत दुमडायची, चार पावलं चालायची आणि म्हणायची, "इथं आहे." आणि असायचाच.

२०४९ सालच्या मे महिन्यातल्या एका सकाळी धोंडाई नदीच्या डोहात तिनं असाच एक शिंपला पायानं टिपला. तळहाताएवढा, काळपट आणि चांगला वजनदार.

"एकशे अठरा," ती काठाकडे बघून म्हणाली.

काठावर जांभळाच्या सावलीत डॉ. माधव रेडकर खुर्ची टाकून बसले होते. वय बहात्तर, डोक्याला टोपी, मांडीवर वही. उर्मिलाचे गुरू. तिच्या हाती पहिला सूक्ष्मदर्शक दिला तो यांनीच, आणि आज ज्या कल्पनेपायी दोघं या उन्हात डोहावर आले होते ती कल्पनाही यांचीच.

कल्पना समजायला सोपी आहे. नदीतल्या शिंपल्याचं पिल्लू खसखशीच्या दाण्याहून बारीक असतं. आईच्या पोटातून बाहेर पडलं की ते एखाद्या माशाच्या कल्ल्याला चिकटतं, काही दिवस तिथं पोसतं आणि मासा नेईल तिथं गळून तळाशी बसतं. म्हणजे मासा जाईल तिथवर शिंपला जाणार, त्यापलीकडे नाही. माशाला डोंगर ओलांडता येत नाही, समुद्राचं खारं पाणी चालत नाही. म्हणून जगातल्या नऊशेच्या आसपास जाती आणि त्यांची सहा कुळं नकाशावर मांडून बघितली की माणसाची मती गुंग होते. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांत आणि ऑस्ट्रेलियातल्या नद्यांत एकाच कुळातले शिंपले सापडतात. मधे अख्खा प्रशांत महासागर. पोहत तर कुणी गेलं नाही. जमीनच एक होती, ती फाटली, दूर सरकली, आणि शिंपले आपापल्या तुकड्यावर बसून राहिले. कोट्यवधी वर्षांपूर्वी कोण कुणाचा शेजारी होता, ते या मुक्या जिवाला विचारावं.

रेडकरांनी तेच विचारलं होतं, फक्त छोट्या नकाशावर. बालाघाटाच्या डोंगररांगेच्या अलीकडे धोंडाई. तिचं पाणी गोदावरीला जातं. पलीकडे वाळकी, तिचं पाणी भीमेला. दोन्हींच्या मधे सरळ रेषेत अकरा किलोमीटर, पण उभा डोंगर. धोंडाईच्या डोहातले हे काळे शिंपले धोंडाईच्या वरच्या-खालच्या कुठल्याच गावात नव्हते. त्यांचे सख्खे नातलग निघाले ते डोंगरापलीकडच्या वाळकीत. म्हणजे वाळकीतले जे जुने शिंपले संग्रहालयांच्या कपाटांत उरले होते त्यांच्यात, कारण खुद्द वाळकी तेरा वर्षांपूर्वी रसायनांनी मेली होती. रेडकरांनी निष्कर्ष काढला की कधीकाळी या दोन नद्या एकच होत्या. त्या नदीला त्यांनी नावही दिलं, आदिवाळकी.

कल्पना पुस्तकात राहिली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मधल्या काळात कायदा आला. दोन नद्या मुळात एक होत्या असं शास्त्रानं सिद्ध झालं, तर त्या जोडायला कुणाची संमती लागत नाही. ते म्हणे जोडणं नव्हेच, पूर्वस्थितीला आणणं. लगेच डोंगराखालून बोगदा काढायचा आराखडा तयार झाला. धोंडाईचा डोह उपसून पलीकडच्या कारखान्यांना पाणी द्यायचं. डोहाच्या काठी बेलडोह नावाचं गाव होतं, भोयांची चाळीस घरं, आणि त्यांचं जगणं म्हणजे हा डोह. पुरावा गोळा करायचं काम आलं कुणाकडे, तर बेलडोहच्याच सुनेकडे.

नवऱ्यानं, भानुदासनं, तिला सरळ विचारलं होतं, "नाही म्हणता येत नाही का तुला?" ती म्हणाली होती, "मी नाही म्हटलं तर दुसरा येईल आणि दोन दिवसांत उरकून जाईल. मी निदान नीट बघेन." तीन वर्षं तिनं नीट बघितलं. जितकं नीट बघत गेली तितका पुरावा गावाच्या विरोधात जात राहिला. अलीकडे तिला घरात जेवण जात नसे. पंधरा दिवसांवर सुनावणी होती.

तिनं एकशे अठरा नंबर काठावर आणला आणि वलयवाचकात ठेवला. हे यंत्र नवं होतं, डब्याएवढं. दर उन्हाळ्यात पाणी आटलं की शिंपल्याची वाढ थांबते आणि कवचावर एक काळी रेघ उमटते, झाडाच्या खोडात असते तशी. प्रत्येक नदीच्या पाण्यात आपापल्या वाटेवरचे क्षार असतात आणि ते त्या त्या वर्षीच्या थरात बसतात. यंत्र जिवाला धक्का न लावता रेघ न् रेघ वाचायचं आणि हा कुठल्या वर्षी कुठल्या पाण्यात होता ते सांगायचं. आजवरचे एकशे सतरा जन्मापासून धोंडाईचेच निघाले होते.

पडद्यावर अक्षरं आली. एकूण वलयं एकतीस. पहिली सहा, वाळकी. पुढची पंचवीस, धोंडाई.

रेडकर चष्मा पुसून पुढं झुकले. "यंत्र तापलंय. सावलीत ठेव."

सावलीत ठेवलं. ओलं फडकं गुंडाळलं. तीनदा वाचून घेतलं. तिन्ही वेळा तेच.

"वगळ तो," रेडकर म्हणाले. "एकशे सतरा एक सांगतात आणि एक भलतंच बरळतो. असं होतं."

"सर, सहा वर्षांचा शिंपला डोंगर चढून आला?"

"म्हणूनच म्हणतो, वगळ."

उर्मिलानं मनात वजाबाकी केली. एकोणपन्नासातून पंचवीस गेले, चोवीस. २०२४. मे महिना. त्या मे महिन्यात वाळकीकाठून या डोहावर काय काय आलं होतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं. ती स्वतः आली होती, अंगावर हिरवा शालू, कपाळाला मुंडावळ्या, आणि कडेवर पितळेची कळशी.

त्या कळशीत आईनं ओल्या फडक्यात गुंडाळून सात शिंपले ठेवले होते. नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघते तेव्हा तिच्या सोबतीला माहेरची एखादी बाई जाते, ती पाठराखीण. भोयांत, डोहाचा मान असलेल्या घरच्या सुनेला, दोन असतात. एक माणसाची, ती चार दिवस राहून माघारी जाते. दुसरी नदीची, ती राहते. माहेरच्या पाण्यातले सात शिंपले सासरच्या पाण्यात सोडायचे, की पोरीला परकं वाटत नाही. उर्मिला तेव्हा एम.एस्सी. होती आणि कॉलेजच्या मैत्रिणी लग्नाला आल्या होत्या. काठावर त्या खुसखुसत होत्या. हिनं लाजेकाजेनं घाईघाईत शिंपले पाण्यात सोडले आणि ती गोष्ट जी विसरली ती आजपर्यंत.

पाहणीच्या फॉर्मवर एक रकाना होता. मानवी हस्तक्षेप, आहे की नाही. तीन वर्षांपूर्वी तिनं पहिल्याच मिनिटाला 'नाही' लिहून सही ठोकली होती. खोटं बोलायचं मनातही नव्हतं. हस्तक्षेप म्हणजे धरण, वाळूचा उपसा, कारखान्याचं पाणी. लेकीची पाठवणी म्हणजे हस्तक्षेप, हे कुठल्या भोयाच्या डोक्यात येणार होतं?

"सर, मी घरी जाऊन येते," ती म्हणाली आणि ओल्या पायांनीच चालू लागली.

सासू, पारूबाई, ओसरीवर जाळं दुरुस्त करत बसली होती. वय ब्याऐंशी, नजर अधू, पण बोटं गाठी मारताना चुकत नसत.

"आत्याबाई, लग्नात मी शिंपले आणले होते, आठवतं?"

"सात," पारूबाई मान वर न करता म्हणाली. "त्यातला एक तू पालथा टाकलास घाईत. तू गेल्यावर मी पाण्यात उतरून सुलटा केला."

उर्मिला पायरीवर खाली बसली. "तुम्ही आणले होते?"

"मी सीनेकाठची. माझे सीनेचे. पाठराखनीबिगर ह्या घरात सून येती व्हय?"

"मग आत्याबाई, तीन वर्षं आमची पाहणी चाललीय. एकदा तरी सांगायचं."

"तुमी इचारलंत का?" आता मात्र म्हातारीनं जाळं बाजूला ठेवलं. "तुमी इचारलं, शिपले खाता का. न्हाई म्हनलं. इचारलं, इकता का. न्हाई म्हनलं. पाठराखीन कुनी खातं का इकतं? कुठून आले, हे एकानं इचारलं न्हाई. तुमच्या त्या टोपीवाल्या सायबानं तर चहा पिऊन कप दिला आन् गेला."

हे खरं होतं.

"किती सुनांनी आणले असतील?"

"आपल्या घरात आलेल्या सगळ्यांनी. डोहाचा मान आपल्या घराचा. तुला घाटावर नावं ऐकवली व्हती की. तुझं ध्यान मैतरणींकडं."

नावं. तिला अंधूक आठवलं. शिंपले सोडताना सासू नव्या सुनेच्या कानात काहीतरी पुटपुटत होती. तिनं तो मंत्रबिंत्र समजून सोडून दिला होता. तो मंत्र नव्हता. या घरात आधी कोण कोण सुना आल्या त्यांची नावं होती, पहिलीपासून सासूपर्यंत, एकही न गाळता. सासू सुनेला सांगणार, ती तिच्या सुनेला.

"आत्ता म्हणाल का?"

"सून आल्याबिगर म्हनत न्हाईत."

"आत्याबाई, डोह जाईल."

पारूबाईनं डोक्यावरून पदर घेतला, डोहाच्या दिशेला तोंड केलं आणि सुरू झाली. "पहिली भिवरेची चिमा. तिच्या मागं भिवरेची तुका. तिच्या मागं नीरेची सोना. तिच्या मागं वाळकीची गवरा..." आवाज एका लयीत चालला होता, जात्यावर बसल्यासारखा. उर्मिलानं फोनवर ध्वनिमुद्रण लावलं आणि हात जोडून बसली. बावन्न नावं झाली. शेवटचं होतं, "तिच्या मागं सीनेची पारू." म्हातारी थांबली, सुनेकडे बघितलं आणि म्हणाली, "आन् तिच्या मागं वाळकीची उर्मिला. हे तुझी सून आली की तू म्हनायचं."

उर्मिलाला रडू फुटलं. पंचवीस वर्षांत या घरात ती इतकी कधी रडली नव्हती.

डोळे पुसून ती कामाला लागली. डोहातल्या शिंपल्यांच्या जनुकांचा वंशवृक्ष तिच्या संगणकात तयारच होता. कुठली फांदी कुठल्या नदीतल्या शिंपल्यांपासून फुटली आणि किती पिढ्यांपूर्वी, हे यंत्रानं मांडलं होतं. सगळ्यांत जास्त फांद्या वाळकीच्या, पण त्यांच्यात भीमा, नीरा, सीना यांच्याही फांद्या होत्या, आणि त्या रेडकरांनी आदिवाळकीच्या उपनद्या म्हणून खपवल्या होत्या. अशा एकूण एकोणचाळीस. तिनं एका बाजूला वृक्ष ठेवला, दुसऱ्या बाजूला सासूची नावं, आणि एकेक लावत गेली.

भिवरा म्हणजे भीमाच. भीमेची सगळ्यांत जुनी फांदी, साधारण चारशे वर्षांपूर्वीची. चिमा. त्यानंतर पुन्हा भीमा. तुका. मग नीरा. सोना. मग वाळकी. गवरा. पाचव्या, सहाव्या आणि सातव्या नावाला फांदीच नव्हती, त्यांचे शिंपले जगले नसावेत. आठवं पुन्हा बरोबर जागेवर. बावन्नपैकी तेरा बायकांची काही खूण नव्हती. उरलेल्या एकोणचाळीस, त्याच क्रमानं, त्याच नद्यांतून. एकीचीही जागा चुकली नव्हती.

जगातलं सगळ्यांत महागडं यंत्र तीन वर्षं जे शोधत होतं, ते या ओसरीवर एक बाई तोंडपाठ घेऊन बसली होती. आणि ज्या बायकांचं नाव सातबाऱ्यावर नाही, शिलालेखात नाही, कुठल्या पोथीत नाही, त्यांची नोंद डोहाच्या तळाशी जिवंत होती आणि श्वास घेत होती. पाणी डोंगर चढलं नव्हतं. पोरी चढल्या होत्या, पायी, कडेवर कळशी घेऊन, चारशे वर्षं.

तिनं रेडकरांना घरी बोलावलं आणि दोन्ही याद्या समोर ठेवल्या. त्यांनी बोट फिरवत दोन्ही याद्या ओळीनं वाचल्या. तीस वर्षं मनात जपलेली आदिवाळकी डोळ्यांसमोर आटताना बघणं सोपं नाही. उर्मिलाला वाटलं, आता चिडतील. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि पारूबाईकडे वळून विचारलं, "आजी, पुन्हा एकदा म्हणाल का? मी मध्ये बोलणार नाही."

सुनावणी बेलडोहच्या शाळेच्या पटांगणात झाली. अधिकारी होत्या नसीमा बागवान, कमी बोलणाऱ्या, कागदावरून मान न उचलणाऱ्या. उर्मिलानं याद्या दाखवल्या, एकशे अठराची कथा सांगितली. प्रकल्पाचे वकील उठले. त्यांच्या हातात तिचाच फॉर्म होता.

"ही सही तुमची?"

"माझी."

"मानवी हस्तक्षेप, नाही. हे अक्षर?"

"माझंच. ते चूक आहे. मी स्वतः सात शिंपले आणून सोडले आणि नाही असं लिहिलं. त्याची जी शिक्षा असेल ती मी घेईन."

पटांगणात चुळबुळ झाली. वकिलांनी फॉर्म शांतपणे खाली ठेवला. या उत्तराची त्यांची तयारी होती. "मान्य. नदी एक नव्हती, असं धरून चालू. मग हे शिंपले उपरे ठरतात. परक्या पाण्यातून आणलेले जीव नियमाप्रमाणे डोहातून काढून नष्ट करायला हवेत. तसा अर्ज मी आत्ताच देतो."

उर्मिलाचा चेहरा उतरला. डोह वाचवायला ती पाठराखिणी घेऊन आली होती आणि आता पाठराखिणीच जाणार होत्या. नियम तिला पाठ होता आणि वकील नियमाला धरूनच बोलत होते.

मागच्या बाकावरून पारूबाई उठली. कुणी बोलावलं नव्हतं. "बाईसाहेब, एक इचारू?"

नसीमा बागवान यांनी पहिल्यांदा मान वर केली. "विचारा."

"उपरं म्हंजे दुसरीकडून आलेलं ना? मग ह्या गावातली एक बाई दाखवा मला हितं जन्मलेली. हितं जन्मल्या त्या सगळ्या दुसरीकडं नांदायला गेल्या. मी उपरी, ही उपरी, त्या समद्या उपऱ्या. चारशे वर्सं गाव उपऱ्यांनीच चालवलंय. काढायचं म्हनलं तर कुठून सुरवात करनार?"

बाया एकमेकींकडे बघत होत्या. नसीमाबाईंनी चष्मा काढला. मग उर्मिलाला विचारलं, "या शिंपल्यांमुळे इथल्या मूळच्या कुठल्या जिवाचं नुकसान झालंय का?"

"नाही. इथले छोटे शिंपले तीन वर्षांत वाढलेत. आकडे जोडलेत."

"आणि वाळकीत यांची जात उरलीय?"

"एकही नाही, मॅडम. भीमा, नीरा, सीनेतूनही ती संपलीय. सगळ्या जगात ही जात आता या एका डोहात आहे." हे वाक्य तिनं अहवालात दहादा लिहिलं होतं आणि त्याचा अर्थ तिला आत्ता कळत होता. वाळकी मेली तेव्हा तिची लेकरं वाचली, कारण आयांनी ती लेकींबरोबर पाठवून दिली होती.

निकाल आठवड्यानं आला. नद्या एक होत्या हे सिद्ध झालं नाही, म्हणून ग्रामसभेच्या संमतीशिवाय बोगदा नाही. ग्रामसभा काय म्हणणार हे सांगायला नको. शिंपले नष्ट करायचा अर्ज फेटाळला. खोट्या नोंदीबद्दल डॉ. उर्मिला कनिचे यांना दोन वर्षं सरकारी पाहणीतून बाद केलं. आणि शेवटी एक ओळ होती. वाळकीचं पाणी चार वर्षांपासून शुद्ध असून त्यात शिंपल्यांची पिल्लं वाहून नेणारा मरळ मासा परतला आहे, तेव्हा मूळ स्थानी पुनर्वसनासाठी सात शिंपले नेण्यास परवानगी.

दिवाळी झाल्यावर, पाणी निवळलं तेव्हा, उर्मिलानं पायानं चाचपून सात शिंपले काढले. सहा कोवळे. सातवा एकशे अठरा. पारूबाईनं तीच पितळेची कळशी घासूनपुसून ठेवली होती. प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट लावलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि वर एक खण ठेवला.

"खण कशाला, आत्याबाई?"

"माघारी जानारीला मोकळं पाठवत्यात व्हय?"

रेडकर गाडी घेऊन आले होते. डोंगराच्या वळणावर ते म्हणाले, "इथून पुढं चालत जायचंय का तुला?" उर्मिलानं मान डोलावली. ती उतरली, कळशी कडेवर घेतली आणि घाट उतरू लागली. रेडकर गाडी हळूहळू मागून आणत राहिले.

वाळकीच्या काठावर तिचं जुनं घर नव्हतं. आई जाऊनही आठ वर्षं झाली होती. पाणी मात्र होतं, आणि तळ दिसत होता. तिनं चपला काढल्या. गाळात पाय रोवला आणि तिला बोटांना तोच जुना मऊपणा लागला. सहा कोवळे शिंपले तिनं एकेक करून ठेवले. एकशे अठरा शेवटी. या खेपेला घाई केली नाही. सुलटा ठेवला, दोनदा बघितलं आणि थांबली.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग कवच बोटभर उघडलं, आतून तो जिभेसारखा पाय बाहेर आला, गाळ चाचपून बघितला आणि आत शिरला. पुढच्या उन्हाळ्यात याच्यावर बत्तिसावी रेघ उमटेल. ती वाळकीची असेल.

फोन वाजला. पलीकडे पारूबाई होती.

"पोचली का गं ती?"

"पोचली, आत्याबाई," उर्मिला म्हणाली.